‘काही नाही, बाई’

जुनी गाडी मिस्त्रीच्या पुढ्यात कधी गरम होत नाही. मिस्त्री बॉनेट उघडतो, इंजिन चालू ठेवतो, चहा सांगतो. चहा पिऊन होतो. रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरायला लागतो, वेळेवर थांबतो, काटा मधोमध शहाण्यासारखा उभा असतो. मग फडक्याला हात पुसत निकाल येतो, ‘काही नाही, बाई.’

उपनगरातल्या एका कॉलेजात मी सगळी नोकरी भारतीय दर्शनं शिकवण्यात घालवली. ‘अमुक इथे नाही’ हे माणसाला नेमकं कळतं कशानं, या प्रश्नावर आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षं भांडण चालू आहे. ते भांडण दरवर्षी मुलांसमोर मांडताना मागच्या बाकांवर डुलक्या सुरू व्हायच्या. त्या मुलांना एकेक जुनी मारुती घेऊन द्यायला हवी होती.

माझी मारुती 800 आहे 1997 सालची, कार्ब्युरेटरवाली, एमएच-03 नंबरची. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, हरित कर, आरटीओच्या रांगा, हे सगळं करून ती ठेवली आहे. मुलगा म्हणतो, काढून टाक. पण 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, बॉनेट उघडलं की प्रत्येक नळी कुठून निघून कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं. नव्या गाड्यांचं बॉनेट उघडलं तर आत काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. ते बघून काय करायचं?

तर ही गाडी गरम व्हायला लागली, पण तिच्या मर्जीनं. मुलुंड पूर्वेहून निघून एलबीएस मार्गावर मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेनं भांडुप गाठताना, जिथे चांगल्या नव्या गाड्याही घामाघूम होतात, तिथे ही थंड. साकीनाक्याला, मे महिन्यात, भर दुपारी, रिक्षांच्या मधोमध अडकलेली, तरी थंड. आणि रात्री दहानंतर घाटकोपरला बहिणीकडून परत येताना, पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा, उजव्या हाताला मिठागरांवरून वारा येतोय, पाय जरा सैल सुटलेला, आणि कांजूरमार्गच्या पुढे काटा वर. तोही प्रत्येक वेळी नाहीच. कडेला घेऊन, बॉनेट उघडून बघावं, तर वाफ नाही, गळती नाही, नळ्या जागच्या जागी. पाच-दहा मिनिटं थांबून निघालं की घरापर्यंत निमूट.

सगळ्या जगाच्या गाड्या कोंडीत तापतात आणि मोकळ्या रस्त्यावर निवतात. त्याला कारणही आहे. जळणाऱ्या पेट्रोलची ढोबळमानानं एक तृतीयांश उष्णता पाण्यावाटे रेडिएटरला जाते आणि रेडिएटर ती वाऱ्याला देतो. गाडी धावत असली की वारा फुकट मिळतो, थांबली की पंख्याला काम करावं लागतं. म्हणून कोंडीत तापणाऱ्या गाडीत आधी पंखा, त्याचा स्विच, त्याची अर्थची वायर बघायची असते. माझी गाडी नेमकी उलटी. हे मी प्रत्येक गॅरेजात सांगायची आणि प्रत्येक गॅरेजात ‘हो हो’ म्हणून गाडी उभ्या जागी चालू ठेवून बघितली जायची. एकानं थर्मोस्टॅट बदलला. एकानं पंख्याचा स्विच. तिसऱ्यानं हेड गॅसकेट गेलंय, हेड उघडावं लागेल, असं सांगून असा आकडा सांगितला की त्यात दुसरी जुनी 800 आली असती.

*

वर्गात आम्ही घडा घेतो. जमिनीवर घडा नाही, हे कळलं कसं? डोळ्यांना जमीन दिसते, ‘नाही’ कसं दिसेल? नैयायिक म्हणतात, दिसतं. अभाव हाही एक पदार्थ आहे आणि त्याचंही प्रत्यक्ष होतं. कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि त्यांच्यामागून अद्वैती म्हणतात, नाही, त्यासाठी वेगळं प्रमाण मानावं लागेल, अनुपलब्धी. घडा मिळाला नाही, यावरून घडा नाही हे कळतं. प्रभाकराचा पंथ म्हणतो, अभाव बिभाव काही नसतो, नुसती जमीन असते. हा वाद फार लांब जातो आणि खरं सांगायचं तर अर्ध्यावर त्यातला रस संपतो.

पण एका अटीबाबत भांडणारेही फारसं भांडत नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या वादातली किमती गोष्ट तीच आहे. न दिसण्यावरून नसणं सिद्ध व्हायला ते न दिसणं ‘योग्य’ असावं लागतं. म्हणजे असं म्हणता आलं पाहिजे, की घडा इथे असता तर मला दिसलाच असता. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, जमीन समोर आहे, मध्ये आडोसा नाही, आणि घडा ही दिसण्याजोगी वस्तू आहे. एवढं सगळं असून दिसला नाही, तर नाही. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि पिशाच दिसलं नाही यावरून पिशाच नाही असंही म्हणता येत नाही, कारण ते मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नाही. ग्रंथकारांनी हे पिशाच मुद्दाम उदाहरणात आणून बसवलंय. सतराव्या शतकात धर्मराजाध्वरींद्रांनी लिहिलेल्या वेदान्तपरिभाषेत ते खांबावर बसून आहे, आणि दरवर्षी मुलं तेवढ्यापुरती जागी व्हायची.

आता गॅरेजातल्या निकालाकडे बघा. गाडी उभी, इंजिन आयडलिंगला, बॉनेट उघडं, वर छप्पर. या स्थितीत दोष दिसला नाही. पण असता तर दिसलाच असता का? मी सांगून सांगून थकले होते, की तो कोंडीत दिसत नाही, वेगात दिसतो. म्हणजे मिस्त्री अंधारात घडा शोधत होता आणि ‘काही नाही’ म्हणत होता. खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच काही दिसलं नव्हतं. फक्त त्या न दिसण्याला काडीची किंमत नव्हती.

भांडुपच्या सोनापूर भागात, मुख्य रस्त्यापासून आत, एक मिस्त्री आहे असं आमच्या इस्त्रीवाल्यानं सांगितलं. पत्र्याखाली दोन गाड्या मावतील एवढी जागा, बाहेर उलटा ठेवलेला एक गिअरबॉक्स, त्याच्यावर बसायचं. साठीच्या आसपासचा माणूस. त्यानं बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं.

‘काटा टुणकन वर जातो का हळूहळू?’

हळूहळू, म्हटलं.

‘बरं. टुणकन गेला असता तर वायरिंग बघितलं असतं. पाणी असं एका झटक्यात तापत नाय. अर्थ सैल असला ना, की हेडलाइट लावले, वायपर लावला की काटा खोटं बोलतो.’

मग पुढचे प्रश्न. हॉर्न वाजवला की काटा हलतो का. पाणी कमी होतं का, किती दिवसांनी घालावं लागतं. सकाळी टोपण उघडल्यावर आत तेलासारखी साय दिसते का. मागून पांढरा धूर येतो का. चढावर होतं का, घोडबंदरला गायमुखच्या घाटात होतं का. नाही, म्हटलं, तिथे दुसऱ्या गिअरवर सावकाश जाते, काही होत नाही. थांबल्यावर काटा किती वेळात खाली येतो. पाणी कुठलं घालता. या शेवटच्या प्रश्नावर मी अडखळले. वॉचमन भरतो. सोसायटीत कुठलं असेल ते. ‘बोअरचं,’ तो म्हणाला आणि मान हलवली. मुंबईला नळाला येणारं पाणी तलावांचं, भातसा-वैतरणा-तानसाचं, ते मऊ असतं. बोअरच्या पाण्यातले क्षार तापल्यावर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दगडासारखे बसतात. कूलंट घालायचा कंटाळा आणि वॉचमनची बादली, यातून उपनगरातले निम्मे रेडिएटर मरतात, असं त्याचं मत.

त्यानं तर्कसंग्रह वाचलेला नव्हता. पण तो जे करत होता ते त्या ग्रंथाच्या कर्त्यानं, अन्नंभट्टानं, ओळखलं असतं. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे चालतं. पण अग्नी आहे तिथे धूर आहे, हे चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपण लागतं. मधली ही लपलेली अट, तिला शास्त्रात उपाधी म्हणतात, ती शोधल्याशिवाय नातं पक्कं होत नाही. गाडी गरम होते तेव्हा रात्र असते, महामार्ग असतो, बहिणीकडचं जेवण झालेलं असतं, गाडीत मी एकटी असते. यातलं ओलं सरपण कुठलं? तो एकेक प्रश्न विचारून एकेक गोष्ट बाजूला काढत होता. चढावर इंजिनावर ओझं असतं, तरी तापत नाही. म्हणजे नुसतं ओझं नव्हे. कोंडीत वारा नसतो, तरी तापत नाही. म्हणजे पंखा नव्हे. पाणी घटत नाही, साय नाही, धूर नाही. हेड उघडायचं कारण नाही. उरला वेग. म्हणजे इंजिनाचे फेरे.

‘उद्या या,’ तो म्हणाला. ‘गाडी पळवत आणा. इथं थंड गाडी आणू नका, उपयोग नाय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर निघून ऐरोली जंक्शनपर्यंत खाली जाऊन, परत वळून, मोकळ्या लेनमधून गाडी पळवत मी सोनापूरला पोचले. त्यानं इंजिन बंद करू दिलं नाही. आणि मग जे म्हणाला ते मी त्याच दिवशी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. ‘आता मी रेस देतो. ही खालची होज बघा, रेडिएटरच्या बुडातून पंपाकडं जाते ती. ही चपटी झाली तर रोग हा. नाय झाली तर माझा अंदाज फुकट, दुसरं शोधू.’

800ला फेरे दाखवणारा काटा नसतो. तो कानानंच रेस देत होता, एक हात कार्ब्युरेटरच्या तारेवर. इंजिनाचा आवाज वाढला, पत्रा थरथरला. नळी आधी तशीच होती, मनगटाएवढी, काळी, क्लॅम्पपाशी थोडी फुगलेली. मग मधोमध एक खळगा पडला. खळगा लांबला. मग दोन्ही बाजू एकमेकींना टेकल्या आणि नळी रिकाम्या मोज्यासारखी चपटी झाली. त्यानं तार सोडली. आवाज उतरला, आणि एका श्वासात नळी पुन्हा गोल. बोटानं दाबून दाखवली तर गरम, मऊ, लेचीपेची. रबर म्हातारं झालेलं. पंप जोरात फिरला की तो पाणी ओढतो. पुढचा रेडिएटर क्षारांनी निम्मा बुजलेला, मागणीएवढं पाणी येत नाही. मग ओढ नळीच्या भिंतींवर पडते. गरम झालेलं मऊ रबर आत बसतं आणि पाण्याची वाट बंद. काही गाड्यांत या नळीच्या आत तारेची स्प्रिंग घालतात ती याच कारणासाठी.

आणि मी कांजूरमार्गला काय करायची? काटा वर गेला की घाबरून कडेला घ्यायची. थांबलं की फेरे उतरले, फेरे उतरले की नळी गोल. बॉनेट उघडेपर्यंत सगळं जागच्या जागी. बघण्यासाठी थांबावं लागत होतं, आणि थांबणं हेच दोषाला लपवत होतं. यावर कोणी शंभर वेळा महामार्गाच्या कडेला उभं राहून बॉनेटमध्ये डोकं घालावं, शंभर वेळा ‘काही नाही’ हेच उत्तर.

त्यानं आधी फक्त नळी बदलली आणि गरम गाडीला तेवढीच रेस पुन्हा दिली. नवी नळी थोडी ओढल्यासारखी झाली, बसली नाही. मग रेडिएटर काढून रॉडिंगला पाठवला. परत बसवल्यावर तिसऱ्यांदा रेस. या वेळी नळी हललीही नाही. दोन्ही एकदम बदलून पैसे घेता आले असते. एक बदललं, बघितलं, मग दुसरं बदललं, बघितलं. अन्वय आणि व्यतिरेक हाताला ग्रीस लावून. टोपणही बदललं, त्यातली स्प्रिंग साधारण 0.9 किलोचा दाब धरते म्हणून आतलं पाणी 100ला न उकळता 118 अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं. (म्हणूनच गरम गाडीचं टोपण उघडू नये. दाब सुटला की तेच पाणी तत्क्षणी उकळून तोंडावर येतं.)

*

गाडीचं एवढंच. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. गाडी सोसायटीत उभी असताना, थंड असताना, नळी गोल असताना, दोष कुठे होता?

चरकांनी हा प्रश्न तापाबद्दल विचारला आहे. विषमज्वर, म्हणजे एक दिवस येतो, एक दिवस येत नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मधल्या दिवशी रोगी हिंडतो, फिरतो, जेवतो. मग तो बरा आहे का? चरकसंहितेचं उत्तर असं, की जमिनीत बी पडून राहतं आणि काळ आला की उगवतं, तसा दोष धातूंत दबून राहतो आणि काळ आला की उसळतो. बाराशे-पंधराशे वर्षांनी सूक्ष्मदर्शक आले, आणि मलेरियाच्या व्हायवॅक्स जातीबद्दल नेमकं हेच निघालं. तिचे काही जंतू यकृतात निपचित पडून राहतात, आठवडे, महिने. ताप नाही, रक्ताच्या काचेवर काही नाही. मग एक दिवस उठतात. म्हणून पावसाळ्यात मुलुंड-भांडुपला मलेरिया झालेल्या माणसाला ताप उतरल्यावरही प्राइमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्यायला लावतात. त्या गोळ्या आज नसलेल्या तापाच्या असतात. लोक चौथ्या दिवशी सोडून देतात, कारण ‘आता काही नाही.’

सांख्य म्हणतील, बरोबरच आहे, कार्य कारणात आधीपासून असतंच, तिळात तेल असतं तसं. फक्त व्यक्त होत नाही. न्याय-वैशेषिक म्हणतील, नाही, उत्पन्न होण्याआधी कार्य नव्हतंच, त्याचा प्रागभाव होता. मी वर्गात दोन्ही बाजू समतोलानं मांडायची. आता मला वाटतं दोघेही थोडे थोडे घसरतात. सोसायटीत उभ्या असलेल्या गाडीत ‘गरम होणं’ कुठेही नव्हतं, इतकंही नाही, थोडंही नाही. पण मऊ रबर होतं, बुजलेल्या नळ्या होत्या. ते सगळं पूर्णपणे, उघडपणे, दिवसाढवळ्या होतं. कोणी बोटानं दाबून बघितलं असतं तर कळलं असतं. दोष लपलेला नव्हता. तो समोर होता आणि त्याला दोष म्हणून कोणी ओळखत नव्हतं.

*

आता जिथे खरी अडचण आहे तिथे येते.

दहाव्या-अकराव्या शतकात मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. त्यांनी न्यायकुसुमांजली हा ग्रंथ ईश्वर सिद्ध करायला लिहिला. चार्वाकाचं म्हणणं सरळ होतं : दिसत नाही, म्हणून नाही. उदयनाचार्यांनी त्याला जे उत्तर दिलं ते वाचून मी आजही हसते. ते म्हणतात, बिचारा चार्वाक घराबाहेर पडला की संपलाच. घराबाहेर बायको दिसत नाही, मुलं दिसत नाहीत, धन दिसत नाही. दिसत नाही म्हणजे नाही, तर त्यानं परत घरी जायचं सोडून छाती पिटून रस्त्यातच रडत बसायला हवं. न दिसण्यावरून नसणं ठरवायला योग्यता लागते, ईश्वर दिसण्याजोगा नाही, सबब तुमच्या न दिसण्यानं तो खोडला जात नाही.

तर्क निर्दोष आहे. त्याच तर्कानं गॅरेजातला ‘काही नाही’ हा निकाल मी खोडला होता. मग देवाच्या बाबतीत तो स्वीकारताना माझा पाय का अडतो?

सोनापूरचा मिस्त्री मला असं म्हणाला असता, की बाई, तुमच्या गाडीत दोष आहे, पण तो असा आहे की कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वेगात, कुठल्याही नळीत, कधीच दिसणार नाही. तर मी किल्ली घेऊन निघाले असते. त्याचं बोलणं खोडता आलं नसतं, पण त्याच्या बोलण्यात काही उरलंही नसतं. त्यानं उलट केलं. आधी परिस्थिती सांगितली : गरम इंजिन, जोराची रेस, खालची नळी. आधी हेही सांगितलं, की असं झालं नाही तर माझा अंदाज फुकट. नंतर नाही, आधी. माझ्या मते सगळा फरक या ‘आधी’मध्ये आहे. उदयनाचार्यांना हे कळत नव्हतं असं नाही. नुसतं ‘खोडता येत नाही’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. पाचव्या स्तबकात त्यांनी जग हे कार्य आहे, त्याला कर्ता हवा, अशी साधक अनुमानं एकामागून एक रचली. ती मला पटत नाहीत, पण त्यांनी ती रचायचे कष्ट घेतले याचा मला आदर आहे. आजकालचे लोक तेवढेही घेत नाहीत. अनुभव आला नाही म्हणालात की उत्तर तयार असतं : तुमची श्रद्धा कमी पडली. उपासनेत खंड पडला असेल. मनात किंतु असेल. परिस्थिती नंतर सांगायची आणि ती नेहमी समोरच्याच्या अंगावर ढकलायची. गाडी गरम झाली नाही तर आमची कृपा, झाली तर तुमचं ड्रायव्हिंग.

माझी आई वारकऱ्याच्या घरातली. तिच्यासमोर मी एकदा योग्यतेचा हा मुद्दा मांडला होता, तेव्हा मी नुकती शिकवायला लागले होते आणि फार बोलायची. ती म्हणाली, विठ्ठल न दिसण्याजोगा कशानं? तो उभाच आहे. रांगेत उभं राहावं लागतं एवढंच. उदयनाचार्यांपेक्षा ही भूमिका वेगळी आहे, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं. ते म्हणतात वस्तू दिसण्याजोगी नाही. आई म्हणत होती वस्तू दिसण्याजोगी आहे, बघणाऱ्यानं जागेवर जायला हवं. गाडी पळवत आणा, थंड आणू नका. हे ऐकायला मला परवडतं. यात निदान काय करायचं ते तरी सांगितलंय.

पण रांगेत कोणाला उभं राहू द्यायचं, हे कोण ठरवतं? चोखोबांना आत जाऊ दिलं नाही. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारापाशी, पायरीच्या बाहेर आहे. त्यांना देव दिसला नाही यावरून देवाबद्दल काय सिद्ध होतं? काहीही नाही. बाहेर ठेवणाऱ्यांबद्दल मात्र सगळं सिद्ध होतं. ‘अधिकार नाही’ हे वाक्य आपल्याकडे शतकानुशतकं योग्यतेच्या नावाखाली खपलं. त्या देवळाचं दार अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. शास्त्रात योग्यता म्हणजे उजेड, डोळे, अंतर. ती कोणालाही तपासता येते आणि कोणालाही मिळवता येते. ज्या योग्यतेचा दाखला आत बसलेला माणूस देतो आणि तोच नाकारतो, तिला मी योग्यता म्हणणार नाही. मिस्त्रीनं मला नळीपाशी वाकायला सांगितलं, ‘तुम्हाला कळायचं नाय, बाई’ असं म्हटलं नाही. बाईमाणसाला बॉनेटपाशी वाकू देणं हे आमच्या भागात अजूनही रोजचं नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

मग देव आहे की नाही? मला विचाराल तर, जो कुठल्याच परिस्थितीत दिसणार नाही त्याच्याबद्दल मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. त्याच्यावरून कोणी मला काही करायला लावू नये एवढंच बघते. आणि जो रांगेच्या शेवटी आहे असं आई म्हणायची, त्या रांगेत मी कधी उभी राहिले नाही, त्यामुळे माझ्या न दिसण्याला किंमत नाही. ‘काही नाही, बाई’ म्हणणाऱ्या गॅरेजवाल्याइतकीच.

*

शेजारच्या वहिनींचं मत अर्थात ठाम आहे. गाडीचा त्रास ऐकून त्यांनी दर शनिवारी देवळात तेल वाहायला सुरुवात केली होती, स्वतःहून, माझ्या नावानं. गाडी मारुती, म्हणून तेल मारुतीला, शिवाय शनीचीही सोय. नळी बदलली तो शुक्रवार, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं तेल. त्यानंतर गाडी एकदाही गरम झाली नाही.

‘गुण आला ना?’ त्या म्हणाल्या.

मी त्यांना काकतालीय न्याय समजावला. कावळा बसायला आणि ताडाचं फळ पडायला. त्यांनी ऐकून घेतलं. मग मी म्हटलं, नळी चपटी होताना मी डोळ्यांनी बघितली, तुमच्या तेलाचं काम कुठे दिसलं?

‘दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं, हे तुम्हीच सांगता ना?’

सांगते, म्हटलं. पण कुठल्या परिस्थितीत दिसेल ते आधी सांगायचं.

वहिनींनी खरंच विचार केला. कपाळाला आठी घातली, जिन्याच्या कठड्यावर पिशवी टेकवली. ‘बरं,’ म्हणाल्या, ‘येत्या शनिवारपासून मी तेल बंद करते. गाडी गरम झाली, तर मानाल?’

आव्हान रास्त होतं. माझ्या बघण्यातल्या कुठल्याही बुवांनी एवढा धीर दाखवलेला नाही. मी म्हटलं, मानीन. आणि नाही झाली, तर?

‘नाही झाली,’ वहिनी पिशवी उचलत म्हणाल्या, ‘तर आधीचं तेल त्यानं लक्षात ठेवलं.’